उजवीकडचा शब्द

घोड्याने तिच्याकडे पाहिलं आणि ओटिलीने मान फिरवली. एवढंच झालं. कुणाला सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल. वाईन स्ट्रीटच्या चढावर हिवाळ्यात रोज कुठली ना कुठली गाडी अडकते, रोज कुठलं ना कुठलं जनावर मार खातं आणि रोज बायका आपापल्या टोपल्या सांभाळत तिथून पुढे जातात. पण ओटिली ब्रांडहॉर्स्ट ही त्या बायकांतली नव्हती, निदान आज सकाळपर्यंत तरी नव्हती. सिनसिनाटीच्या कालव्यापलीकडच्या त्या सगळ्या जर्मन वस्तीत ती टिलामावशी होती. पंख मोडलेलं कबूतर सापडलं की पोरं ते टोपीत घालून तिच्या मागच्या दाराशी आणत. मांजर व्यायला अडली की खाटकाची बायको स्वतः बोलवायला येई. माणसांपेक्षा हिला जनावरं प्यारी, असं लोक म्हणत, थोडं कौतुकाने, थोडं चेष्टेने, आणि ती दोन्ही खुशाल ऐकून घेई. आता ती पावाची टोपली पोटाशी धरून, बर्फावर पाय घसरू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने घराकडे चालली होती. मागे चाबकाचा आवाज येत होता. कोपरा वळला की तो ऐकू येणार नाही, असं तिला वाटलं होतं. कोपरा वळल्यावरही तो येत राहिला.

गाडी कोळशाची होती. म्हणूनच एवढी गर्दी. यंदाच्या थंडीत नदी गोठली, कोळशाच्या होड्या अडकल्या आणि अर्ध्या शहराच्या चुली थंड पडल्या. जर्मनीशी लढाई जुंपल्यामुळे उरलासुरला कोळसाही कारखान्यांकडे जात होता. अशा वेळी कोळशाने भरलेली गाडी ट्रामच्या रुळात चाक अडकून चढावर उभी म्हटल्यावर लोक जमणारच. गाडीवाला तरुण होता, केंटकीच्या डोंगराकडचा असावा. लगाम ओढत तो 'जी! जी!' ओरडत होता. 'जी' म्हणजे उजवीकडे. घोड्याने एक जोरदार पाऊल उजवीकडे टाकलं असतं तर चाक रुळाच्या खोबणीतून बाहेर आलं असतं. पण ओरडा ऐकला की घोडा मुकाट सरळ पुढे जोर लावी आणि चाक आणखी रुतत जाई. मग चाबूक. "बहिरा आहे का रे?" कुणीतरी म्हणालं. "बहिरा कसला, कैसरनं मुद्दाम धाडलाय! म्हणाला असेल, जा, सगळ्यांना गारठवून मार!" लोक हसले. ओटिलीला थंडीने खोकला आला. तेवढ्या खोकल्यावर घोड्याचा डावा कान, टोकाशी जरासा फाटलेला, तिच्या बाजूला वळला. डोळ्यांना झापडं होती म्हणून त्याने सगळी मानच वळवून पाहिलं. ब्रूनो होता तो, तिने वाढवलेला ब्रूनो. शेजारी उभी असलेली बाई तिला म्हणाली, "तुम्हाला कळतं ना हो जनावरांतलं? काय झालंय त्याला?" ओटिलीला काय झालंय ते ठाऊक होतं. या शहरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल इतकं नेमकं ठाऊक होतं. त्या घोड्याला 'जी' कळत नव्हतं. त्याला जर्मन 'होट' कळत होतं. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता, आणि तिने जीभ दातांवर घट्ट दाबून धरली. मग ती सावकाश, एकेक शब्द निवडून, इंग्रजीत म्हणाली, "मला काही कल्पना नाही."

ते शब्द तिनेच त्याला शिकवले होते. इथेच तर सगळी गोम होती. ऑगस्ट, तिचा नवरा, एका जर्मन ब्रुअरीच्या बिअरच्या पिंपांची गाडी हाकायचा. तिथल्या तबेल्यात एका पहाटे घोडी विताना गेली आणि तिचं शिंगरू पोत्यांत गुंडाळून त्याने घरी आणलं, कारण मुकादम म्हणाला होता, हे काही जगत नाही. ओटिलीने ते शेगडीपाशी ठेवलं, बाटलीने दूध पाजलं, रात्री त्याच्या पाठीवर हात ठेवून जमिनीवरच झोपली. धाकटी हेलेना तेव्हा रुसून बसली होती, "आई माझ्याजवळ झोपत नाही," म्हणून. शिंगरू जगलं, वाढलं, एवढं दांडगं झालं की मागच्या गल्लीत वळताना त्याचा पार्श्वभाग शेजारच्या कुंपणाला लागायचा. त्याच गल्लीत ओटिलीने दोरी धरून त्याला चालायला शिकवलं. होट, उजवीकडे. हिस्ट, डावीकडे. ब्र्र, थांब. ही काही शाळेतली भाषा नव्हती. ओस्नाब्रुकजवळच्या खेड्यात तिचा बाप नांगरामागून जे ओरडायचा तेवढंच ते होतं. बाप मुखदुर्बळ माणूस. मुलांशी आठवड्यात चार वाक्यं बोलायचा नाही, पण घोड्याशी दिवसभर बोलायचा. लहानपणी ती शेताच्या बांधावर बसून ते ऐकत राही आणि मनातल्या मनात घोडा होई. बापाकडून तिला मिळालं ते एवढंच, आणि ते तिने समुद्रापार आणून ब्रूनोच्या कानात घातलं. ब्रुअरीत गाडीला जुंपल्यावर ऑगस्ट सगळ्यांना सांगायचा, "हा बायकोचा घोडा आहे. मी आपला मागे बसतो शोभेला."

आता ऑगस्ट नव्हता. बरं झालं नव्हता, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराचीही तिला लाज वाटली. ऑगस्ट असता तर तो गर्दीतून वाट काढत गेला असता, चाकाला खांदा लावला असता आणि सगळ्या शहराला ऐकू जाईल असा 'होट' ओरडला असता. मग लोकांनी त्याचं काय केलं असतं? नॉल बेकरीवाल्याचं केलं तेच. तिने ते पाहिलं होतं. आधी दुकानाच्या काचांना गद्दारांचा म्हणून पिवळा रंग फासला. मग एका दुपारी माणसं आत शिरली, त्याला पिठाच्या हातांनीच बाहेर आणलं, रस्त्यात गुडघे टेकायला लावले आणि अमेरिकेच्या झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. ज्यांनी हे केलं त्यांतले निम्मे त्याच्याकडचा पाव खाऊन मोठे झालेले. नॉल उठला तेव्हा झेंड्याला पीठ लागलं होतं, आणि त्यासाठी त्याला पुन्हा एकदा बसवलं. त्या संध्याकाळी हेलेना, जी आता स्वतःला हेलन म्हणवते आणि नवऱ्या-पोरांसह खालच्या मजल्यावर राहते, स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, हे बघ. घराबाहेर तोंड उघडायचं तर इंग्रजीत, नाहीतर मिटून ठेवायचं. फ्रँकची नोकरी आहे, माझी पोरं शाळेत जातात. कुत्र्यामांजरांशीसुद्धा नाही, कळलं?" "मांजरांना इंग्रजी येत नाही गं," असं ओटिली म्हणाली होती, आणि हेलन हसली नव्हती.

तेव्हा भीती होतीच. भीतीला ती नाकारत नव्हती. भीती हे चांगलं भक्कम कारण आहे, ते कुणालाही सांगता येतं, पाद्र्यालाही सांगता येतं. पण चढ उतरताना, खाटकाचं दुकान ओलांडताना, चर्चच्या पायऱ्यांपाशी दम घेताना तिला हळूहळू कळत गेलं की भीतीच्या खाली दुसरं काहीतरी पडलेलं आहे. ते उकरू नये असं तिला वाटत होतं आणि पाऊल टाकलं की ते आपोआप उकरलं जात होतं. कैसरनं धाडलाय, असं तो माणूस म्हणाला आणि सगळे हसले तेव्हा तिला बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण अगदी अंगभर बरं वाटलं होतं, कारण ते घोड्याकडे बघत होते. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तीही हसली होती का? तिने आठवून पाहिलं. ओठ ताणले गेल्याचं आठवत होतं. थंडीमुळे असेल. नाही, हसली होती.

घरी मागच्या अंगणात सगळी मंडळी तिची वाट बघत होती. तीन पायांचा कुत्रा, आंधळं मांजर, खुराड्यातली कबुतरं. तिने पाव कुस्करला. रोज ती कुस्करता कुस्करता बोलायची, अलीकडे अगदी हलक्या आवाजात, पण बोलायची. आज तोंडातून शब्द फुटेना. आंधळं मांजर तिच्या पायाशी आलं, आवाजाच्या अंदाजाने वर तोंड करून थांबलं आणि आवाज आला नाही म्हणून गोंधळून बाजूला गेलं. जनावरांवर प्रेम करणं किती सोपं, असं तिच्या मनात आलं. ती काही विचारत नाहीत. देश सोडताना बंदरावर ती आईच्या गळ्यात पडून रडली होती खरी, पण डोळ्यांपुढे घरची तांबडी गाय होती. आईला ते कळलं असेल का? हेलेनाला कळत होतं. जमिनीवर शिंगराजवळ झोपलेल्या आईकडे ती दारातून बघत उभी राहायची. माणसांच्या बाबतीत आपण कमी पडलो हे ओटिलीला ठाऊक होतं. त्याचा हिशेब जनावरांच्या बाजूने चुकता झाला, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती. आता त्या बाजूलाही काही उरलं नव्हतं. गेल्या शरदात ब्रुअरीने घोडे विकले तेव्हा ती चौकशीलासुद्धा गेली नव्हती. हेलन म्हणाली होती, "उगाच ब्रुअरीच्या दारात दिसू नकोस," आणि तिने लगेच ऐकलं होतं.

दुपारी हेलन वर आली ती हात चोळतच. "आज कोळसा येत नाही. गाडी अडकली होती म्हणे चढावर. अर्धा माल उतरवून चाक उचलावं लागलं. फ्रँक तिथंच होता."

"घोडा?" ओटिलीने विचारलं.

"कुठला घोडा?"

"गाडीचा."

"तुला घोड्याचंच पडलेलं असणार! पोरं थंडीनं काकडताहेत ते नाही." हेलनने उसासा टाकला. मग आईचा चेहरा बघून जरा नरम आवाजात म्हणाली, "यार्डातला मुकादम म्हणत होता, उद्या सकाळी मारायला सरसाच्या कारखान्यात धाडून देणार. बहिरं जनावर पोसायला परवडत नाही. आई, कुठे निघालीस? आई, शाल तरी घे."

कोळशाच्या यार्डापर्यंतच्या वाटेवर तिने मनाशी सगळं ठरवलं होतं. गाडीवाल्याला बाजूला घ्यायचं. तो शब्द सांगायचा. बस, एवढंच. तो डोंगरातला पोरगा तर आहे, त्याला काय कैसर आणि काय कोण. शब्द सांगून झाला की सकाळ पुसली जाईल, असं नाही. पण घोडा जगेल. यार्डाच्या फाटकातून आत शिरली तर गाडीवाला एकटा नव्हता. मुकादम हॅगर्टी कमरेवर हात ठेवून उभा होता आणि आणखी दोघे-तिघे फावड्यांवर रेलून होते. ब्रूनो भिंतीशी बांधलेला. त्याच्या कुल्ल्यावर वळ उठले होते. तिची चाहूल लागताच तो नाकातून फुरफुरला, पूर्वी गल्लीच्या तोंडाशी फुरफुरायचा तसाच. त्याला राग नव्हता. राग म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं, आणि तो असता तर तिला किती हलकं वाटलं असतं.

"काय बाई, जळण पाहिजे? रांग उद्या," हॅगर्टी म्हणाला.

"हा घोडा बहिरा नाही," ती म्हणाली.

"असं? मग मीच मुका असेन!" फावडेवाले हसले. "सकाळपासून कोकलतोय सगळा गाव त्याच्या कानात."

"त्याला तुमचे शब्द येत नाहीत."

"मग कुणाचे येतात?"

ओटिली ब्रूनोपाशी गेली आणि तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. तेच उत्तर होतं, आणि तिचे उच्चार तर तोंड उघडताच फाटकापासून सगळ्यांना कळले होते. हॅगर्टीने घोड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्याचं तोंड हळूहळू वाकडं झालं. "अच्छा! ब्रुअरीचा माल. तरीच परवा दलालानं स्वस्तात दिला." तो थुंकला. "एक सांगतो बाई. माझा भाचा आहे तिकडे खंदकात. माझ्या यार्डात ती बोली मी ऐकून घेणार नाही, माणसाच्या तोंडून नाही आणि जनावरासाठी तर नाहीच नाही."

गाडीवाला पुढे झाला. "मुकादम, शब्दाचंच असंल तर म्या कायबी बोलंन की. त्यो हालला म्हंजी झालं."

"तू गप रे व्हर्जिल. तुझं डोंगरातलंच आम्हाला समजत नाही." मग तिच्याकडे वळून, "एवढी माया आहे ना? मग शिकवा त्याला सरळ भाषा. उजेड आहे तोवर. नाहीतर सकाळी जातो तो."

असं ते झालं. तिने त्याला सोडवलं, दोरी हातात घेतली आणि यार्डाच्या मधोमध, काळ्या झालेल्या बर्फात उभी राहिली. "जी," ती मोठ्याने म्हणाली. तिच्या तोंडून ते 'ची' असं निघालं आणि फावडेवाल्यांना हसू आवरेना. "ची! आता घोडा शिंकणार!" ब्रूनो तिच्याकडे बघत राहिला. त्याला शब्द नवा होता पण आवाज ओळखीचा होता, आणि त्या दोहोंचा मेळ घालताना त्याचे कान पुढेमागे होत होते. ती त्याच्या मानेला टेकली, शाल पुढे ओढली आणि ओठ त्याच्या फाटक्या कानात घालून कुजबुजली, "होट." कितीतरी महिन्यांनी तो शब्द घराबाहेर निघाला होता, आणि तोही चोरासारखा. कान उबदार होता. घोडा तत्काळ उजवीकडे वळला. मग पुन्हा तेच. मोठ्याने हे, कानात ते. वरून परकं, आतून आपलं. ती हळूहळू कुजबुज आणखी बारीक करत गेली, नुसता श्वास उरेपर्यंत, आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की आता याने हट्ट करावा. एकदा तरी पाय रोवून उभं राहावं. मला नको तुझं हे, असं काहीतरी करावं. पण त्याला ती खूश व्हायला हवी होती. तिला जे हवं ते त्याने शिंगरू असल्यापासून केलं होतं. यार्डात सावली पडायला लागली तेव्हा ती चार पावलं दूर उभी राहून 'ची' म्हणाली, कानाशी गेली नाही, आणि ब्रूनो उजवीकडे वळला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅगर्टीसुद्धा गालात हसला. "शाब्बास! झाला अमेरिकन. काही माणसांना इतकी वर्षं जमत नाही ते." त्याने तिला गरम कॉफी आणवली. ती तिने प्यायली. डावीकडचा शब्दही मग झाला, थांबण्याचाही झाला. व्हर्जिलला मात्र तिच्यासारखंच बोलावं लागलं, कारण त्याच्या साध्या 'जी'ला घोडा ढिम्म हालत नव्हता. तो उगाच ओठ काढून 'ची, ची' करत यार्डभर फिरत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. त्या हसण्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. तिला घरी जायचं होतं. आपण घोडा वाचवला हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरंच होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी त्या जनावराकडे तिला बघवत नव्हतं. बापाने दिलेलं, तिने दिलेलं, ते त्याच्यातून तिनेच स्वतःच्या हाताने काढून घेतलं होतं, आणि त्याने ते मान खाली घालून काढू दिलं होतं.

व्हर्जिल तिला फाटकापर्यंत पोचवायला आला. बाहेर दिवे लागत होते. तो थांबला, टोपी हातात घेऊन तिची कड चोळत राहिला.

"बाई, येक इचारू? सकाळी चढावर तुमी हुता ना? टोपली घिऊन?"

ओटिलीने शाल घट्ट ओढून घेतली.

"म्या बघितलं तुमास्नी. घोडं मान वळवून तुमच्याकडंच बघत हुतं. म्या म्हनलं, ह्येचं चित्त कुठं हाय, आन् आनखी दोन हानले." त्याचा आवाज अडखळला. "दिसभर जिवाला घोर लागलाय बगा. आमच्याकडं कुनी घोड्याला असं मारत न्हाई. माझ्या बापानं बघितलं असतं तर त्योच चाबूक माझ्या पाठीव वढला असता. लोकं हसत हुती, कोळसा कोळसा करत हुती, माजं डोस्कं फिरलं. तुमी मधीच निघून गेला तवा मला कळलं, हितं येक तरी मानूस हाय ज्याला ह्ये बगवंना. तुमास्नी बगवलं न्हाई म्हनूनच गेला ना?"

तो तिच्याकडे बघत होता. विशी-बाविशीचं तोंड, भुवयांत कोळशाची पूड, डोळे ओले. तो तिची माफी मागत होता. सगळ्या गावात माफी मागायला त्याला ती सापडली होती. खरं काय ते सांगायला तिला फार शब्द लागले नसते. मी त्याला ओळखलं होतं. मला शब्द येत होता. तू मारत होतास तेव्हा मी गप्प होते. तीनच वाक्यं, आणि तीही इंग्रजीत, तिला सहज जमण्यासारखी. यार्डात ब्रूनो फुरफुरला. हॅगर्टी कुणावर तरी ओरडत होता. रस्त्यावरून माणसं जात होती, आणि त्यांच्यातल्या कुणालाही या दोघांशी काही देणंघेणं नव्हतं. भिण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

"हो," ओटिली म्हणाली. "मला बघवलं नाही."

व्हर्जिलने मान हलवली. मग त्याने चर्चमध्ये वाकावं तसं वाकून तिला नमस्कार केला, आणि तिने तो घेतला.